सूर्यमालेचं मॉडेल: मांडायचं कसं, आणि आकाशाशी ताडून बघायचं कसं

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आमच्या इंदूरच्या सुदामानगरात घरोघरी थर्माकोलचे गोळे रंगू लागतात. मधे पिवळा सूर्य, तारांवर आठ ग्रह, शनीला पुठ्ठ्याची कडी. मुलं मेहनत मनापासून करतात. पण त्या मॉडेलसमोर उभं राहून मी विचारते, "शुक्र मध्यरात्री डोक्यावर का दिसत नाही, ते यावरून दाखव बरं," तेव्हा मूल आईकडे बघतं आणि आई गोळ्यांकडे.

यात दोष मुलांचा नाही, कामाच्या क्रमाचा आहे. गोळे आधी येतात, रंग मग, आणि प्रश्न शेवटी किंवा कधीच नाही. मॉडेल हे उत्तर काढायचं साधन आहे. त्याच्याकडून एखादं भाकीत काढता आलं पाहिजे आणि ते भाकीत आकाशात, पंचांगात किंवा गच्चीवरच्या सावलीत तपासता आलं पाहिजे. खालचा क्रम त्यासाठी आहे. पालक, शिक्षक आणि सहावीच्या पुढची मुलं, सगळ्यांना जमेल असा.

## आधी जमवाजमव

५ मीटरची टेप, सुती दोरा, खडू, कर्कटक, कोनमापक, दोन टाचण्या, जाड पुठ्ठा, फेविकॉल, खिशात मावेल असा आरसा, काळा कागद, एक मीटर लांबीची सरळ काठी, एक उघडा बल्ब. स्वयंपाकघरातून रवा, राजगिरा, खसखस, काळी मिरी, ज्वारी, भिजवलेले काबुली चणे आणि एक संत्रं. शिवाय घरातली तिथी-चंद्रोदय छापलेली दिनदर्शिका. ती विसरू नका, निम्मी तपासणी तिच्यावरच होणार आहे.

थर्माकोल मी या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. बाजारात मिळतील त्या मापांचे गोळे आणले की प्रमाण आपण ठरवत नाही, दुकानदार ठरवतो.

## १. एका मॉडेलला एकच प्रश्न

कागद घ्या आणि एक प्रश्न लिहा. "सूर्यमाला दाखवणे" हा प्रश्न नव्हे. "ग्रहांमध्ये किती मोकळी जागा आहे?" हा प्रश्न आहे. "चंद्राच्या कला कशामुळे?", "दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?", "मंगळ वक्री होतो म्हणजे काय होतं?" हेही प्रश्न आहेत. या प्रत्येकासाठी मॉडेल वेगळं लागतं.

सगळ्यांत मोठी चूक होते ती इथेच. आकार, अंतरं, कला, ऋतू आणि गती हे सगळं एकाच पुठ्ठ्यावर बसवायला गेलं की त्यातलं काहीच खरं राहत नाही. टेबलावर पृथ्वी गोटीएवढी केली तर त्याच प्रमाणात नेपच्यून काही किलोमीटर लांब जातो. त्याला टेबलावर कोंबलं की अंतर खोटं ठरतं. अंतर खरं ठेवलं तर ग्रह दिसेनासे होतात. यातलं एक सोडावंच लागतं. काय सोडलं ते आधीच ठरवून लिहून ठेवा.

## २. प्रमाण ठरवा: कोटीचा मीटर, लाखाचा सेंटिमीटर

मोकळ्या जागेच्या प्रश्नासाठी मला एकच प्रमाण सोयीचं वाटतं: १ कोटी किलोमीटर म्हणजे १ मीटर. मग १ लाख किलोमीटर म्हणजे १ सेंटिमीटर, आणि १० हजार किलोमीटर म्हणजे १ मिलिमीटर. हिशेब तोंडी होतो. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किमी, म्हणजे १३.९ सेमी. पृथ्वी सूर्यापासून सरासरी १४ कोटी ९६ लाख किमी, म्हणजे १५ मीटरला चार सेंटिमीटर कमी.

त्या हिशेबानं यादी अशी येते. आधी आकार, मग सूर्यापासूनचं अंतर.

- बुध: अर्धा मिमी, रव्याचा कण. ५.८ मीटर
- शुक्र: १.२ मिमी, राजगिऱ्याचा दाणा. १०.८ मीटर
- पृथ्वी: १.३ मिमी, राजगिऱ्याचा जरा टपोरा दाणा. १५ मीटर
- मंगळ: ०.७ मिमी, बारीक खसखस. २२.८ मीटर
- गुरू: १४ मिमी, लहान गोटी. ७८ मीटर
- शनी: १२ मिमी, भिजवलेला काबुली चणा. १४३ मीटर
- युरेनस: ५ मिमी, काळी मिरी. २८७ मीटर
- नेपच्यून: ५ मिमी, दुसरी मिरी. ४५० मीटर

चंद्र या प्रमाणात पाव मिलिमीटरहून थोडा मोठा येतो आणि पृथ्वीपासून ३.८ सेमीवर. पेनाच्या टोकाचा ठिपका दिला तरी चालेल.

सावधान, तीन ठिकाणी आकडे बिघडतात. पहिलं ठिकाण मिलियनचं. इंग्रजी पुस्तकात १४९.६ मिलियन असतं, त्याचे १४.९६ कोटी होतात, १४९ कोटी नव्हेत. एक शून्य घसरलं की पृथ्वी दीडशे मीटरवर जाते. दुसरं, व्यासाच्या जागी त्रिज्या. कर्कटकानं सूर्य काढताना टोकं ७ सेमी उघडायची, १४ नव्हे. तिसरं म्हणजे, यादीतलं प्रत्येक अंतर सूर्यापासून आहे, आधीच्या ग्रहापासून नाही. मंगळ पृथ्वीच्या पुढे २२.८ मीटर ठेवलेला मी अनेकदा पाहिला आहे. तो पृथ्वीपुढे फक्त ७.८ मीटरवर हवा.

## ३. रस्त्यावर मांडा

कॉलनीतला सरळ रस्ता आणि रविवारची सकाळ, गाड्या सुरू व्हायच्या आधीची. साडेचारशे मीटर सरळ रस्ता नसेल तर शनीपर्यंतच मांडा आणि पुढच्या दोघांची जागा बोटानं दाखवा. वळण घेऊन मांडू नका, कारण प्रत्येक ग्रहावरून मागे वळून सूर्य दिसला पाहिजे. निम्मं शिक्षण त्या मागे वळून बघण्यातच आहे.

१. पुठ्ठ्यावर १४ सेमी व्यासाची पिवळी चकती कापा आणि काठीला लावून रस्त्याच्या टोकाला डोळ्यांच्या उंचीवर उभी करा.

२. प्रत्येक दाणा पोस्टकार्डाएवढ्या काळ्या कार्डावर फेविकॉलनं चिकटवा आणि खाली नाव लिहा. हे घरूनच करून न्या. पहिल्या वर्षी आम्ही सुटे दाणे नेले होते. एक मुलगी रस्त्यावर गुडघे टेकून बसली आणि रडवेली होऊन म्हणाली, "काकू, पृथ्वी पडली." मग सहा मुलांनी वाकून राजगिऱ्याचा तो एक दाणा शोधला. तो काही सापडला नाही.

३. टेप प्रत्येक वेळी सूर्यापासून लावणं शक्य नसतं. म्हणून दर ५ मीटरला खडूची रेघ मारत जा आणि रेघांवर ५, १०, १५ असे आकडे लिहा. पावलं मोजून काम भागवू नका. मुलांची पावलं लांबतात आणि गुरूपर्यंत जाईतो दहा-बारा मीटरचा घोळ होतो.

४. सगळी कार्डं हातात धरून मुलं उभी राहिली की त्यांना गप्प राहायला सांगा आणि नुसतं बघू द्या. मंगळ ते गुरू हे ५५ मीटर चालायला जो वेळ लागतो, तो त्यांनी चालूनच घ्यावा.

आता प्रकाश. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला ३ सेंटिमीटर जातो, रमतगमत चालणाऱ्या मुंगीसारखा. एका मुलाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत त्या वेगानं चालायला लावा, दर सेकंदाला दोन बोटांएवढं अंतर. त्याला ८ मिनिटं १९ सेकंद लागले पाहिजेत. नेपच्यूनपर्यंत ४ तास १० मिनिटं लागतील, तेवढं कुणी चालणार नाही, सांगितलं तरी पुरे. आपण सहज चालत गुरूपर्यंत गेलो तो वेग या मॉडेलमध्ये प्रकाशाच्या तीसपट झाला, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. अंतर लहान केलं की वेगही लहान होतो, आणि हे बहुतेक मॉडेलवाले विसरतात.

पुढचा तारा कुठे, असं कुणी तरी विचारतंच. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. आपल्या प्रमाणात तो सुमारे ४,००० किमी दूर येतो. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२०० किमीच्या आसपास आहे. म्हणजे १४ सेमीचा सूर्य इंदुरात ठेवला तर शेजारच्या ताऱ्याला अख्ख्या देशात जागा नाही.

## ४. मॉडेल खरं आहे का? कवडशानं तपासा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि मला सगळ्यांत प्रिय हाच आहे.

आपल्या रस्त्यावर पृथ्वीचं अंतर भागिले सूर्याचा व्यास केलं, म्हणजे १,४९६ सेमी भागिले १३.९, तर उत्तर १०७ च्या थोडं वर येतं. प्रमाण कोणतंही घ्या, हा आकडा बदलत नाही. खऱ्या आकाशातही तोच असायला हवा, आणि तो घरात बसून मोजता येतो.

सावधान. सूर्याकडे थेट बघायचं नाही. काळा चष्मा, एक्स-रे फिल्म, धुरकट काच यांतलं काहीही वापरायचं नाही. आरशाची तिरीप कुणाच्या डोळ्यांवर जाऊ द्यायची नाही.

आरशावर काळा कागद चिकटवा. त्यात ५ मिमीचं भोक ठेवा, चौकोनी असलं तरी चालेल. आरसा उन्हात, खिडकीत किंवा ओट्यावर, पुस्तकांच्या आधारानं असा टेकवा की त्याचा कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या १० मीटरवरच्या भिंतीवर पडेल. एवढी खोली कुणाची नसते. पुढच्या दारापासून मागच्या खोलीपर्यंत सरळ बोळ असलेलं घर शोधा, इंदूरच्या जुन्या वाड्यांत ते हमखास मिळतं. ५ मीटर असले तरी काम होतं, अचूकपणा निम्मा होतो एवढंच.

भिंतीवर पांढरा कागद लावा. भोक चौकोनी असूनही कवडसा गोल पडला तर समजा, तो भोकाचा नाही, सूर्याचा आकार आहे. गोल न पडता चौकोनी पडला तर अंतर कमी आहे किंवा भोक मोठं झालं आहे.

आता पेन्सिलीनं कड आखायला जा. एक बाजू आखून दुसरीकडे येईपर्यंत कवडसा सरकलेला असतो. साधारण दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो, म्हणून दोघांनी दोन कडा एकाच क्षणी आखायच्या. पृथ्वी फिरते हे वाक्य मुलांनी शंभरदा पाठ केलेलं असतं. ते हाताखालून निसटताना दिसतं ते इथे.

बाहेरच्या पुसट कडेपर्यंत मोजलं तर साधारण ९.८ सेमी भरेल. त्यातून भोकाचे ५ मिमी वजा करा, राहिले ९.३. आता १,००० भागिले ९.३ करा. १०७ च्या जवळ आलं? मग रस्त्यावरचा पिवळा पुठ्ठा आणि राजगिरा हे खऱ्या सूर्य-पृथ्वीशी इमान राखून आहेत.

चुकलं तर हे बघा: कवडसा लंबगोल असेल तर तो भिंतीवर तिरका पडतो आहे, लहान व्यास मोजा. उत्तर १०० च्या आसपास अडकलं असेल तर भोकाचं माप वजा करायचं राहिलं आहे.

हीच मोजणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि मेच्या शेवटी पुन्हा करा. जानेवारीत साधारण ९.५ सेमी येतील, मेअखेर ९.२. हिवाळ्यात सूर्य मोठा दिसतो, कारण जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी त्याच्या सर्वांत जवळ असते, १४ कोटी ७१ लाख किमीवर. जुलैच्या सुरुवातीला ती १५ कोटी २१ लाख किमीवर जाते. "उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो म्हणून उकडतं" हे वाक्य या तीन मिलिमीटरांनी कायमचं निकालात निघतं.

## ५. ऋतूंचं मॉडेल: सुईचं टोक हलवायचं नाही

टेबलाच्या मधे बल्ब. संत्र्यात विणकामाची सुई आरपार खुपसा आणि उभ्या रेषेपासून २३.४ अंश कलती धरा. सुईचं वरचं टोक खोलीतल्या एका लांबच्या वस्तूकडे रोखा, समजा देवघराच्या भिंतीकडे. आता संत्रं बल्बभोवती फिरवा.

हात आपोआप वळतो आणि सुईचं टोक सतत बल्बकडे झुकलेलं राहतं. ही या मॉडेलमधली हमखास होणारी चूक आहे. टोक वर्षभर देवघराकडेच राहिलं पाहिजे. तसं राहिलं तरच टेबलाच्या एका बाजूला उत्तर गोलार्ध बल्बकडे झुकतो आणि समोरच्या बाजूला पाठ फिरवतो.

ताडून बघायला एक मीटरची काठी गच्चीवर उभी करा, ओळंब्यानं अगदी सरळ. इंदूर २२.७ अंश उत्तरेला आहे. २१ डिसेंबरला भरदुपारी सावली सुमारे १०४ सेमी, म्हणजे काठीहून लांब. २१ मार्चच्या सुमारास ४२ सेमी. २१ जूनला जेमतेम सव्वा सेमी, आणि तीही दक्षिणेकडे पडते, कारण त्या दिवशी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ६-७ जूनच्या सुमारास ती जवळजवळ नाहीशीच होते. पावसाचे ढग लवकर आले तर जूनचा प्रयोग हुकतो, म्हणून महिना लागताच रोज मोजायला लागा.

सावधान. भरदुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि इंदूर ७५.९ वर. म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून २६-२७ मिनिटांनी. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावली मोजा आणि सर्वांत आखूड ती धरा.

## ६. चंद्राच्या कला: डोकं म्हणजे पृथ्वी

अंधारी खोली, डोळ्यांच्या उंचीवर एकच बल्ब, आणि काडीला टोचलेला पांढरा चेंडू. तो हात लांब करून धरा. तुमचं डोकं पृथ्वी. बल्बकडे तोंड केलं की चेंडूची काळी बाजू दिसते, ती अमावास्या. आता डावीकडे हळूहळू वळा. पाव फेरी झाली की चेंडूचा उजवा अर्धा भाग उजळतो, ती शुक्ल अष्टमी. बल्बकडे पाठ आली की पौर्णिमा. आणखी पाव फेरीला डावा अर्धा उजळलेला, कृष्ण अष्टमी.

बल्बकडे पाठ असताना चेंडू डोक्याच्या सावलीत जातो आणि मुलं ओरडतात, "पौर्णिमेला तर अंधार आला!" चेंडू जरा वर उचला. मग त्याच वेळी सांगून टाका की कला पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत. सावली पडली की होतं ते ग्रहण. मोठ्या माणसांमध्येही हा गैरसमज पसरलेला आहे.

तपासणी आपल्या घरातच लटकलेली आहे. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यामधलं १२ अंशांचं अंतर. तीस तिथ्या, ३६० अंश. म्हणजे तुम्ही जागेवर किती वळलात यावरून तिथी सांगता येते. आता संकष्टी घ्या. कृष्ण चतुर्थीला चंद्र पौर्णिमेच्या जागेच्या, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोरच्या जागेच्या, ३६ ते ४८ अंश पुढे असतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून चंद्र सूर्यास्तानंतर साधारण अडीच-तीन तासांनी उगवायला हवा. दिनदर्शिका उघडा: संकष्टीचा चंद्रोदय नऊच्या अलीकडे-पलीकडेच सापडेल. उपास सोडायला आजी गच्चीवर जाते ती वेळ चेंडू आणि बल्बातून निघाली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

छापलेली वेळ मुंबईची असेल तर ती इंदूरला जशीच्या तशी लागू होत नाही. आपण सुमारे ३ अंश पूर्वेला आहोत, काही मिनिटांचा फरक पडणारच.

## ७. दर पौर्णिमेला ग्रहण का नाही

इथे प्रमाण दहापट मोठं करा: १,००० किमी म्हणजे १ मिमी. पृथ्वी १२.७ मिमीचा मणी, चंद्र ३.५ मिमीचा ज्वारीचा दाणा, दोघांमध्ये ३८ सेमी. चित्रांत चंद्र पृथ्वीला चिकटून असतो, म्हणून एवढं अंतर बघूनच लोक थबकतात.

चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली सुमारे ९ मिमी रुंद असते. चंद्राची कक्षा ५ अंशांनी कलती आहे, म्हणून तो दाणा सावलीच्या पातळीपासून जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर वर किंवा खाली जाऊ शकतो. ९ मिमीचं लक्ष्य आणि साडेतीन सेमीची चूक. म्हणून बहुतेक पौर्णिमांना दाणा सावलीच्या वरून नाही तर खालून निघून जातो. दोन काड्यांवर मणी आणि दाणा टोचून हे दाखवायला पाच मिनिटं लागतात.

## ८. कक्षा काढताना: अंडं काढू नका

पुठ्ठ्यावर दोन टाचण्या टोचा, २० सेमी दोऱ्याची टोकं त्यांना बांधा, पेन्सिलीनं दोरा ताणून फिरवा. बुधासाठी टाचण्या ४.१ सेमी अंतरावर, मंगळासाठी १.९ सेमी. पृथ्वीसाठी ३.३ मिलिमीटर, दोन टाचण्या जेमतेम शेजारी बसतील.

आता रुंदी मोजा. मंगळाची कक्षा २० सेमी लांब आणि त्याहून एखादा मिलिमीटर कमी रुंद. सगळ्यांत चपट्या बुधाच्या कक्षेतही फरक ४ मिमीचाच. पृथ्वीची तर डोळ्यांना वर्तुळच दिसते. पुस्तकातली लांबट अंडाकृती ही तिरक्या कोनातून काढलेली चित्रं असतात, आणि मुलं त्यांनाच कक्षेचा खरा आकार समजतात. सूर्य मात्र मधोमध नाही, एका टाचणीवर आहे. कक्षेतला खरा फरक तिथे दिसतो.

## ९. मंगळ वक्री कसा होतो

पंचांगात "मंगळ वक्री" असं छापलेलं असतं, ते कागदावर काढता येतं. पृथ्वीचं वर्तुळ ५ सेमी त्रिज्येचं, मंगळाचं ७.६ सेमी. दोघांना सूर्याच्या एकाच बाजूला, एका रेषेत ठेवा, तो दिवस शून्य. त्याआधी आणि नंतर पन्नास दिवसांपर्यंत दर दहा दिवसांची जागा खुणा करून ठेवा: पृथ्वी दहा दिवसांत १० अंश, मंगळ सव्वापाच अंश, दोघंही घड्याळाच्या उलट दिशेनं. प्रत्येक तारखेला पृथ्वीपासून मंगळाकडे रेघ ओढा आणि ती शून्य दिवसाच्या रेघेशी किती अंशांचा कोन करते ते मोजा.

साधारण असं येईल: ७, ८, ८, ६, साडेतीन, शून्य, उणे साडेतीन, उणे ६, उणे ८, उणे ८, उणे ७. मंगळ पुढे जातो, थबकतो, सत्तर-बहात्तर दिवस मागे सरकतो, आणि मार्गी होतो. प्रत्यक्षात तो मागे गेलेला नाही. आपण आतल्या वळणावरून त्याला ओलांडून गेलो.

सावधान. हे गच्चीवर करताना लोक कठड्यावर तारे चिकटवतात आणि दोरा कठड्यापर्यंत ताणतात. उत्तर चुकतं, कारण कठडा चार हातांवर आहे आणि तारे या प्रमाणात शेकडो किलोमीटर लांब. म्हणून रेघ कुठे टेकते ते बघायचं नाही, तिची दिशा मोजायची.

सुरुवातीचा शुक्राचा प्रश्नही अशाच कागदावर सुटतो. पृथ्वी ५ सेमीवर, शुक्र ३.६ सेमीवर. पृथ्वीपासून शुक्राच्या वर्तुळाला स्पर्शरेषा काढा आणि सूर्याच्या रेषेशी कोन मोजा. ४६-४७ अंशांपुढे तो जातच नाही. म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला, मध्यरात्री माथ्यावर कधीच नाही.

## १०. रस्त्यावरच्या अंतरांतून काळ काढा

केपलरचा तिसरा नियम वापरायला गणकयंत्र पुरे. ग्रहाचं अंतर पृथ्वीच्या किती पट, त्याचा घन, त्याचं वर्गमूळ: झाली त्याची वर्षं.

गुरू: ७८ भागिले १५ म्हणजे ५.२. घन १४०.६, वर्गमूळ ११.९ वर्षं. उज्जैनचा सिंहस्थ गुरू सिंह राशीत आला की भरतो. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली. बारा वर्षांचं ते चक्र राजगिऱ्याच्या आणि गोटीच्या अंतरातून निघालं.

शनी: १४३ भागिले १५ म्हणजे ९.५३. घन ८६६, वर्गमूळ २९.४ वर्षं. बारा राशींत वाटले तर राशीला अडीच वर्षांच्या आसपास, तीन राशींना साडेसात. साडेसाती हा आकडा शनीच्या कक्षेतून आलेला आहे. तिच्या फळांबद्दल मॉडेल काहीच सांगत नाही, मुदतीबद्दल मात्र अगदी नेमकं सांगतं.

चूक कुठे होते: घनाच्या जागी वर्ग करणं. गुरूला ५.२ वर्षं आली तर वर्ग करून वर्गमूळ काढलं आहे.

## ११. शेवटचं कार्ड: यात काय खोटं आहे

प्रत्येक मॉडेलशेजारी एक कार्ड ठेवा. त्यावर चार ओळी: प्रश्न कोणता, प्रमाण किती, काय मुद्दाम सोडलं, आणि कशाशी ताडून बघितलं. रस्त्यावरच्या मॉडेलसाठी, "ग्रह एका रांगेत नसतात, इथे चालायच्या सोयीसाठी ठेवले आहेत." संत्र्यासाठी, "आकार आणि अंतर दोन्ही खोटं, कलणं तेवढं खरं." चेंडूसाठी, "चंद्र फार जवळ आणि फार मोठा आहे." मंगळाच्या कागदासाठी, "कक्षा वर्तुळ धरली आहे, म्हणून तारखा काही दिवसांनी चुकतील."

ताणलेल्या कापडावर गोट्या फिरवून गुरुत्वाकर्षण दाखवायचं असेल तर हे कार्ड तिथे सर्वांत जास्त लागतं. गोटी घसटीनं थांबते आणि मधे जाऊन पडते. ग्रह तसे पडत नाहीत, कारण तिथे घसट जवळजवळ नाहीच.

कार्ड मुलानं स्वतःच्या हातानं लिहावं, पालकांनी टाईप करून देऊ नये. चौथ्या ओळीत तारीख, वेळ आणि मोजलेला आकडा असावा, चुकला असेल तर चुकलेलाच: "२६ जानेवारी, दुपारी १२ वाजून ४० मिनिटं, कवडसा ९.६ सेमी, भागाकार १०४. भोक ५ मिमीहून मोठं झालं असावं. पुढच्या रविवारी पुन्हा मोजणार."